शांग-ची : बाप जबरदस्त, पोरगा ठीक, आणि तो ड्रॅगन नसता तरी चाललं असतं

सरळच सांगते, या पिक्चरला नाव पोराचं दिलंय पण पिक्चर आहे बापाचा. घरी, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर ज्याला ज्याला विचारलं तो फिरून फिरून बापावरच आला, कुणाला तो व्हिलन वाटला, कुणाला त्याची कीव आली, आमच्या वहिनीचं तर म्हणणं की एवढा देखणा माणूस वाईट असूच शकत नाही, आणि हिरोचं विचारलं की सगळे "हां, तो पण चांगलाय की" एवढं म्हणून परत बापाकडे. मार्व्हलच्या सुपरहिरोवाल्या पिक्चरमध्ये सहसा असं होत नाही, तिकडे व्हिलन म्हणजे दोन तास थांबून शेवटी हिरोचा मार खायला ठेवलेला माणूस, घरी येईपर्यंत त्याचं नावही आठवत नाही.

तर 'शांग-ची अँड द लेजंड ऑफ द टेन रिंग्स'. ३ सप्टेंबर २०२१ ला आला, दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटन, शांग-ची झालाय सिमू लिऊ आणि त्याचा बाप वेनवू म्हणजे हाँगकाँगचा टोनी लिअंग. खाली स्पॉयलर भरपूर आहेत, पिक्चर जुना झाला आता, उगाच रुसू नका.

आपल्याकडे तेव्हा एक गंमत झाली होती ती आधी सांगते, कारण लोकांची मतं अशी दोन टोकांना का गेली त्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. पिक्चर भारतात अमेरिकेबरोबरच लागला पण महाराष्ट्रात थेटरं बंद, दुसरी लाट होऊन गेलेली, आणि थेटरं उघडली ती थेट २२ ऑक्टोबरला, तीही अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. म्हणजे पुण्यामुंबईच्या मार्व्हलवेड्या पोरांनी दीड महिना नुसते स्पॉयलर चुकवण्यात घालवला. माझा आत्तेभाऊ बंगळुरूला असतो, त्याने तिकडे मोठ्या पडद्यावर बघितला आणि फॅमिली ग्रुपवर असला माज केला की विचारू नका. आम्ही बाकीच्यांनी १२ नोव्हेंबरला डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला तेव्हा घरी, टीव्हीवर. आणि नंतर गप्पा मारताना लक्षात आलं की ज्यांनी थेटरात बघितला ते शेवटच्या ड्रॅगनवर फिदा, "काय व्हिज्युअल, काय साऊंड", आणि ज्यांनी घरी बघितला ते बसमधल्या मारामारीवर आणि बापावर. बरोबरच आहे, छोट्या टीव्हीवर ड्रॅगन म्हणजे पाण्यातून वर आलेलं पांढरं लांबलचक काहीतरी, पण माणसाचा चेहरा कितीही छोट्या टीव्हीत मावतो.

गोष्ट थोडक्यात. वेनवूला हजार वर्षांपूर्वी दहा रिंगा सापडतात, बोटातल्या अंगठ्या नव्हे बरं का, हातात चढवायची जाडजूड कडी, एका हातात पाच दुसऱ्या हातात पाच. ती घातली की म्हातारपण नाही आणि समोर कुणी टिकत नाही. मग काय, राज्यं उलथव, सैन्य बाळग, संघटना चालव, हजार वर्षं हेच. १९९६ मध्ये हा ता लो नावाचं गुप्त गाव शोधत जातो, तिथल्या जादूवर डोळा ठेवून, आणि वाटेत एक बाई अडवते, यिंग ली. दोघं लढतात. लढतात म्हणजे हा ताकद लावतो आणि ती तोच जोर वळवून त्याचा त्याला परत देते, उघडे तळहात, गोल फिरणारे हात, पानं उडतायत, आणि मध्येच दोघं इतके जवळ येतात की ह्याचा चेहराच बदलतो. हजार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हरवलं आणि माणूस चिडायच्या ऐवजी खूश झाला! बोलणं जवळपास नाहीच. आपल्याकडे हाच सीन असता तर स्वित्झर्लंड, शिफॉनची साडी, पाठीमागे पन्नास जणं नाचतायत, इथे हाणामारीतच प्रेमप्रकरण उरकलं आणि शंभर टक्के पटलं.

मग लग्न, रिंगा काढून पेटीत, दोन पोरं, घरात पोरांबरोबर नाचाचा व्हिडिओ गेम वगैरे, एकदम साधा संसार. आणि मग जुने वैरी दारात येतात, हा घरी नसतो, बायको जाते. रिंगा परत हातात. पोरगा लहानगा, त्याला समोर उभा करून हा सूड घेतो आणि त्यानंतर त्याला मारेकरी बनवायचं काम सुरू, दिवसभर लाकडी खांबावर मुठी आपटायच्या. पोरगीकडे तर बघतसुद्धा नाही, आईसारखी दिसते म्हणून. चौदाव्या वर्षी पोराला पहिली सुपारी देतो आणि पोरगा गेला तो परत आलाच नाही, सॅन फ्रान्सिस्कोला शॉन नावाने हॉटेलातल्या लोकांच्या गाड्या पार्क करत बसला.

आता बाप परत का येतो? तर त्याला बायकोचा आवाज ऐकू येतो. ता लोच्या डोंगरात एक बंद दार आहे, त्यामागून ती म्हणते मी इथे अडकलेय, मला सोडव. आपल्याला कळतं की आत राक्षस आहे आणि तो बनवतोय, गावातले पण ओरडून सांगतात, पण ह्याला काही ऐकायचंच नाही. जग जिंकायचं नाही, सूर्य विझवायचा नाही, अर्धी माणसं गायब करायची नाहीत, फक्त बायकोला घरी आणायचंय, आणि त्यासाठी तो सासरचं अख्खं गाव जाळायला तयार आहे. इथेच सगळ्यांचं फसतं. आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमना नवरा जाऊन काही वर्षं झाली, त्या म्हणाल्या मी असते तर मीपण ते दार फोडलं असतं, राक्षस बिक्षस नंतर बघू. यावर कोण काय बोलणार.

टोनी लिअंग काय माणूस आहे हो. तेव्हा साठीला आलेला, आणि हा त्याचा पहिलाच हॉलिवूडचा पिक्चर! २००० साली फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट ॲक्टर मिळालेला, हाँगकाँगमध्ये देवासारखा मानतात, आणि इथे येऊन कॉमिक्सवाल्या पिक्चरमध्ये पण तो तसंच काम करतो, जणू समोर कॉम्प्युटर इफेक्टवाला हिरवा पडदा नाहीच. जेवणाच्या टेबलावरचा सीन परत बघा. दोन्ही पोरांना पकडून आणलंय, सोबत पोराची मैत्रीण केटी, आणि हा शांतपणे विचारतो की तुझं चिनी नाव काय. ती घाबरत घाबरत सांगते. मग हा सांगतो की कुणीतरी अमेरिकन माणसाने माझ्या संघटनेचं नाव ढापलं, एक नट उभा केला, त्याला नाव दिलं मँडरिन, म्हणजे संत्र्याचा एक प्रकार, आणि अख्खी अमेरिका एका संत्र्याला घाबरली. हसतो थोडासा. आवाज एकदाही चढत नाही, आणि टेबलावरच्या एकाही माणसाला घास गिळवत नाही. आणि दोन मिनिटांनी तोच माणूस बायकोबद्दल बोलायला लागतो तेव्हा डोळे असे होतात की तुम्ही विसरता हा खुनी आहे.

म्हणून एक हात जोडून विनंती, हिंदी डबमध्ये बघू नका. डबिंग वाईट आहे म्हणून नाही, त्यात ह्याचा आवाजच जातो म्हणून. पिक्चर सुरू होतो तोच चिनी भाषेत, बऱ्याच वेळ खाली सबटायटल, मार्व्हलसाठी हे मोठंच धाडस. बाप पोरांशी चिनीत बोलतो, पोरं मध्येच इंग्रजीत घुसतात, नाशिकचे आजीआजोबा आणि न्यू जर्सीची नातवंडं व्हिडिओ कॉलवर बोलतात ना तसलं. सबटायटल वाचायचा कंटाळा असेल त्यांनी मग नुसती मारामारी बघा, ती कुठल्याही भाषेत कळते.

मारामारीचं सर्टिफिकेट मी देणार नाही, ते आमच्या बाबांनी दिलंय. बाबांची पिढी ब्रूस लीची, मॅटिनीला जाऊन बघायचे आणि घरी येऊन गच्चीवर नानचाकू फिरवून स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यायचे, नंतर गल्लोगल्ली कराटे क्लास निघाले ते त्याच हवेत. त्यांना सुपरहिरो प्रकार अजिबात आवडत नाही, "सगळं कॉम्प्युटरवर करतात, त्यात काय बघायचं." मी म्हटलं बाबा, बसचा सीन होईपर्यंत थांबा, मग खुशाल झोपा.

तो सीन असा. शॉन आणि केटी बसमधून कामाला निघालेत, ती जोडबस असते ना मध्ये ॲकॉर्डियनसारखं रबर असलेली तसली. चारपाच गुंड येतात, त्यात एक राक्षसासारखा, एका हाताच्या जागी तलवारीचं पातं. गळ्यातलं पेंडंट दे म्हणतात. केटी ओरडते की हा काय तुम्हाला मारामारी करणाऱ्यातला वाटतो का, आणि पुढच्या सेकंदाला हा सुरू. केटीचं तोंड उघडं ते उघडंच. बसचे खांब, सीट, खिडकी, जॅकेट, जे हाताला लागेल ते वापरतो, खांबाला धरून फिरतो, बाहेर लटकून परत आत येतो, तेवढ्यात ब्रेक गेलेले, उतारावर बस सुटलीय, केटी स्टिअरिंगवर, आणि मागे एक पोरगा मोबाईलवर लाईव्ह करतोय. आणि महत्त्वाचं काय, दिसतं! कोण कुणाला कुठे मारतोय ते नीट दिसतं, कॅमेरा मागे उभा राहतो, दर अर्ध्या सेकंदाला कट नाही. बाबा झोपले नाहीत. रिमोट मागून घेतला आणि सीन परत लावला, आणि म्हणाले, "हे जॅकी चॅनच्या लोकांचं काम आहे, लिहून घे."

आणि होतंच. स्टंटचं सगळं काम बघणारा ब्रॅड ॲलन, जॅकी चॅनच्या स्टंट टीममध्ये घेतलेला पहिला बिगर-आशियाई माणूस. पिक्चर लागायच्या जेमतेम महिनाभर आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये गेला तो, शेवटी त्याच्या नावाने पिक्चर अर्पण केलाय, ती पाटी येईपर्यंत टीव्ही बंद करू नका. फाईट बसवणारा अँडी चेंग पण जॅकी चॅनच्याच टीमचा. आणि गावात जो म्हातारा गुरुजी दिसतो ना, तो युएन वाह, ब्रूस लीसाठी उड्या मारणारा डबल हाच. हे बाबांना सांगितलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही टाळ्या वाजवल्या त्यातल्या निम्म्या ह्याच्या."

बसवरून एक मजा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या खऱ्याखुऱ्या बस ड्रायव्हरने तेव्हा ट्विटरवर त्या सीनची चिरफाड केली होती, की बस कुठल्या रस्त्याने जाते, मध्येच कुठे कशी पोचते, ड्रायव्हर म्हणून काय पटतं आणि काय नाही. लोकांनी ती पोस्ट डोक्यावर घेतली. आपल्या एखाद्या एसटी ड्रायव्हरने आपल्या पिक्चरमधल्या घाटातल्या सीनची अशी तपासणी करावी ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

दुसरा भारी सीन मकाऊचा. रात्र, उंच इमारत, बाहेरून बांबूची परांची बांधलेली, खाली रस्ता एकदम मुंग्यांएवढा, निऑनच्या दिव्यांचा लालहिरवा उजेड, आणि त्या बांबूंवर मारामारी. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ते काहीतरी अजब वाटलं असेल, इमारतीला बांबू? आपल्याला काय नवीन, आपल्या सोसायटीला रंग काढायचा तर हीच परांची, त्याच सुंभाच्या गाठी, आणि त्यावर एक माणूस एका हाताने डबा घेऊन चाललेला. त्यामुळे ह्या सीनला आपली छाती जास्त धडधडते, कारण बांबू पायाखाली किती लवतो ते आपण खिडकीतून बघितलेलं असतं. केटी त्या बांबूला लटकते तेव्हा वहिनीने चक्क डोळे झाकले.

आमचा कोल्हापूरचा मावसभाऊ मात्र वेगळ्याच मुद्द्यावर पेटला. त्याचं म्हणणं, ह्यांच्या ताई-ची वर एवढा मोठा पिक्चर निघतो, मग आपला दांडपट्टा, फरी-गदका, लाठी, सगळा मर्दानी खेळ काय फक्त शिवजयंतीच्या मिरवणुकीपुरता का. मुद्दा बरोबर आहे पण तो दर पिक्चरनंतर तोच काढतो.

आता बाप एवढा भारी का झाला याचं माझं एक म्हणणं आहे. कॉमिक्समध्ये शांग-ची आला १९७३ मध्ये, तेव्हा अमेरिकेत कुंग फूची जाम हवा होती, आणि त्याचा बाप म्हणून कोण घेतला तर फू मांचू, गोऱ्या लेखकाने रंगवलेला तो पिवळा कपटी चिनी राक्षस, लांब मिशा, लांब नखं, सगळा वर्णद्वेषी मसाला. पिक्चरवाल्यांना तो वापरणं शक्यच नव्हतं. आणि दुसरीकडे मार्व्हलच्याच आधीच्या पिक्चरमध्ये मँडरिन म्हणून बेन किंग्सलीला दाखवून तो नंतर दारुडा नट निघतो असा प्रकार करून ठेवलेला, त्यावर फॅन लोकं चिडलेली. म्हणजे दुरुस्ती करायची होती ती बापाची. मग लिहिणाऱ्यांनी जीव तिथेच ओतला, त्याला प्रेम दिलं, दुःख दिलं, वर टोनी लिअंग दिला, आणि पोराच्या वाट्याला जे उरलं ते आलं. सिमू लिऊ वाईट नाहीये, पोरगा मेहनती आहे, आधी अकाऊंटंटची नोकरी गेली, मग स्टॉक फोटोत मॉडेलिंग केलं, मग ट्विटरवर मार्व्हलला सरळ विचारलं की काय, बोलायचं का शांग-चीबद्दल, आणि पुढच्या वर्षी रोल मिळाला, ही गोष्ट पिक्चरपेक्षा फिल्मी आहे. अंगात चपळाई आहे, हसतो छान. पण शांग-चीला नक्की काय हवंय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बापाला मारायचंय का, माफ करायचंय, का नुसतं गाड्या पार्क करायच्यात?

केटीवरून आमच्याकडे सरळ दोन पार्ट्या पडल्या. केटी झालेली ऑक्वाफिना ज्यांना आवडते त्यांना ती प्रचंड आवडते, बाकीच्यांना ती सतत बोलते म्हणून डोकं उठतं. मी पहिल्या पार्टीत, कारण ती नसती तर हा सगळा कारभार फार गंभीर झाला असता. तिच्या घरचा सीन बघा, आई म्हणते एवढं शिकून गाड्या पार्क करते, आजी विचारते लग्न कधी, हे कुठल्या देशाचं आहे सांगा बरं. पण एक मान्य, गावात पोचल्यावर एका दिवसात धनुष्यबाण शिकते आणि दुसऱ्या दिवशी भर युद्धात नेमका राक्षसाच्या गळ्यात बाण. अर्जुनाने उगाच द्रोणाचार्यांकडे एवढी वर्षं घालवली म्हणायची.

बेन किंग्सली आला की मात्र घरात एकच गलका, "अरे हे तर गांधीजी!" १९८२ पासून बिचाऱ्याची आपल्याकडे यातून सुटका नाही. ट्रेव्हर म्हणून, म्हणजे तोच खोटा मँडरिन झालेला नट, तो धमाल आहे, आणि त्याच्याबरोबर ते बिनचेहऱ्याचं, चार पंखांचं, गुबगुबीत मॉरिस नावाचं प्रकरण, जुन्या चिनी ग्रंथात असला प्राणी खरंच आहे म्हणे, हुनडुन. घरातल्या लहान पोरांना पिक्चरमधलं विचारा, बाप नाही नि पोरगा नाही, फक्त मॉरिस.

बाहेर या पिक्चरबद्दल जो सगळ्यात मोठा आवाज झाला तो पहिला आशियाई मार्व्हल हिरो म्हणून. अमेरिकेत चिनी-कोरियन-व्हिएतनामी घरातली पोरं रडत बाहेर आली थेटरातून, डिस्नेचा बॉस या रिलीजला "एक्सपेरिमेंट" म्हणाला त्यावर सिमू लिऊने आम्ही एक्सपेरिमेंट नाही म्हणून सुनावलं. आपल्याकडे खरं सांगायचं तर ह्याचं फारसं काही वाटलं नाही, आपले हिरो आपल्याकडे ढिगाने आहेत, पडद्यावर आपल्यासारखा चेहरा दिसला म्हणून रडायची वेळ आपल्यावर येत नाही. पण माझा भाचा पुण्यात होस्टेलला असतो, तिथे त्याचा एक मित्र मिझोरामचा. सगळ्या पोरांनी मिळून लॅपटॉपवर बघितला. पिक्चरमध्ये शाळेत शांग-चीला त्या कोरियन गाण्यावरून गंगनम स्टाईल म्हणून चिडवतात असा उल्लेख येतो, तिथे सगळे हसले, आणि हा म्हणाला, "मला आधी ब्रूस ली म्हणायचे, आता उद्यापासून शांग-ची म्हणतील, प्रमोशन." भाचा म्हणाला मावशी, पुढचे दहा मिनिटं कुणी पॉपकॉर्नला हात लावला नाही. पुण्यात ईशान्येकडच्या पोरांना काय काय हाका मारतात ते आपल्याला माहितीय, त्यामुळे हा पिक्चर आपल्याशी संबंध नसलेला आहे असं काही मी म्हणणार नाही.

आणि गंमत बघा, ज्या चीनचं एवढं सगळं दाखवलं तिथे तो लागलाच नाही. तिकडे नेटवर लोकांचं म्हणणं वेगळंच, कुणी म्हणे हिरो दिसायला बरा नाही, कुणी म्हणे ह्याची मुळं त्या फू मांचूत आहेत, वरून सिमू लिऊची चीनबद्दलची एक जुनी मुलाखत वर आली. आपण परदेशी पिक्चरमध्ये भारत दाखवला की कसं खुसपट काढतो, तेच. तरी जगभर मिळून ४३ कोटी डॉलरच्या आसपास कमावले, तेही कोविडच्या वर्षात आणि चीनशिवाय, अमेरिकेत लेबर डेच्या सुट्टीचा रेकॉर्ड मोडला, पिक्चरना मार्क देणाऱ्या रॉटन टोमॅटोज साईटवर प्रेक्षकांचे ९८ टक्के. लोकांना आवडला यात वाद नाही.

वाद आहे तो शेवटच्या अर्ध्या तासावर. ता लो गाव सुंदर, मिशेल यो मावशी म्हणून येते आणि ती पोराला हात कसे उघडायचे शिकवते तो सीन तर मी कितीही वेळा बघू शकते, मुठी सोड, वारा बघ, एवढंच. नऊ शेपट्यांचे कोल्हे, दगडी सिंह जिवंत फिरतायत, बघायला छान. बापलेकाची लढाई पण एक नंबर, बापाच्या रिंगा निळ्या उजेडाच्या, त्या त्याने फेकल्या आणि पोराने आईच्या पद्धतीने उघड्या हातांनी अडवल्या की सोनेरी होतात, काही न बोलता कळतं की तो आता कुणाचा मुलगा म्हणून लढतोय. इथे पिक्चर संपायला हवा होता! पण नाही. दार फुटतं, राक्षस बाहेर, बापाचा आत्मा खेचला जातो, जाताजाता तो रिंगा पोराला देतो, आणि बाप गेला की दहा सेकंदात आपल्याला घड्याळ आठवतं. मग वर ड्रॅगन, समोर मोठा राक्षस, भोवती छोटे राक्षस, पाणी, धूर, करडा उजेड, पोरगा ड्रॅगनवर उभा. एवढा वेळ हाताच्या बोटापर्यंत सगळं दिसत होतं आणि आता काहीच दिसत नाही. बाबा तिथे खरंच झोपले. बंगळुरूवाला आत्तेभाऊ अजून भांडतो की तुम्ही टीव्हीवर बघितला म्हणून, थेटरात तो ड्रॅगन वर येतो तेव्हा अंगावर काटा येतो. येत असेल. पण काटा यायला आधी त्या ड्रॅगनशी आपली ओळख तरी पाहिजे ना, तो शेवटच्या वीस मिनिटांत आला आणि निघाला, नमस्कार चमत्कार पण नाही.

आमच्या बायकांच्या ग्रुपवर मात्र ड्रॅगनबिगन कुणाच्या खिजगणतीत नाही, तिथे सगळा राग शियालिंगवरून, म्हणजे शांग-चीच्या बहिणीवरून. बापाने पोराला शिकवलं, पोरीला नाही, तर ही लांबून बघून बघून दोरीला बांधलेलं पातं फिरवायला एकटीच शिकली, भावाने चौदाव्या वर्षी जाताना तीन दिवसांत येतो म्हणाला आणि फसवलं, ही सोळाव्या वर्षी स्वतः पळाली आणि मकाऊत स्वतःचा अड्डा उभा केला. एवढं सगळं तिने सांगितलं ते कसं, तर इकडून तिकडे जाताना चार वाक्यांत. बापाने जे केलं तेच पिक्चरवाल्यांनी पण केलं तिच्याशी. शियालिंग झालेल्या मेंगर झांगचा हा पहिला पिक्चर म्हणे, वाटत नाही.

स्टार विचारत असाल तर साडेतीन. आणि टीव्ही लवकर बंद करू नका, क्रेडिटमध्ये दोन सीन आहेत. पहिला नेहमीचा, बाकीचे मार्व्हलवाले येऊन रिंगांची तपासणी करतात वगैरे. दुसरा सगळ्यात शेवटी, त्यात शियालिंग बापाच्या वाड्यात येते, भावाला सांगितलेलं असतं की मी सगळं बंद करतेय, आणि बापाच्याच खुर्चीत जाऊन बसते, समोर पोरांबरोबर आता पोरी पण ट्रेनिंग घेतायत. दुसरा भाग काढणार असं २०२१ च्या डिसेंबरमध्येच सांगितलं होतं, मग दिग्दर्शकाला स्पायडरमॅनकडे पाठवला, सिमू लिऊचं नाव ॲव्हेंजर्सच्या नव्या पिक्चरच्या यादीत आलं, पण दुसऱ्या शांग-चीचा अजून पत्ता नाही. काढाल तेव्हा तिच्यावर काढा, नाव हवं तर भावाचंच ठेवा, सवय आहे आम्हाला.